पहिली जपानी तलवार घेताना: आधी डोळा, मग कागद, शेवटी पैसे

आमच्या गावच्या घरी खंडेनवमीला माळ्यावरची तलवार खाली यायची. आजोबा ती चिंच आणि राखेने घासायचे, मुठीपासून टोकापर्यंत लख्ख करायचे, मग हळदकुंकू, झेंडूची माळ. तोक्योत नोकरीसाठी आल्यावर एका म्हाताऱ्या तलवार-विक्रेत्याला मी हे कौतुकाने सांगितलं. तो दोन क्षण काही बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, "मुठीच्या आतला भागसुद्धा घासायचे?" मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि समोरच्या वाकिझाशीची (आखूड तलवारीची) मूठ काढून आतला काळपट, गंजलेला लोखंडी भाग दाखवला. "हा गंज चारशे वर्षांचा आहे. हाच आमचा जन्मदाखला."

पुढे सात-आठ वर्षांत मी तीन तलवारी घेतल्या. त्यांतली पहिली चुकली. ती चूक कशी टाळता येते, ते सगळं इथे क्रमाने लिहितो. जपानमध्ये राहणाऱ्या किंवा तिथून तलवार घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी माणसाला नजरेसमोर ठेवून हे लिहिलं आहे. भारतात नेण्याचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे, त्यावर पुढे येतो.

'खरी' म्हणजे काय

जपानीत अस्सल तलवारीला 'निहोंतो' म्हणतात. लोहवाळूपासून मातीच्या भट्टीत काढलेलं 'तामाहागाने' हे पोलाद घडी घालून पुन्हा पुन्हा ठोकायचं, पात्याला मातीचा लेप द्यायचा, तापवून पाण्यात बुडवायचं. एवढं सगळं हाताने झालेलं असेल तर ती निहोंतो. मग ती सातशे वर्षांपूर्वीची असो की गेल्या वर्षी बनलेली. जिवंत लोहाराची नवी तलवारही तितकीच अस्सल असते, हे नवख्यांच्या पटकन ध्यानात येत नाही.

यात न बसणाऱ्या तीन गोष्टी बाजारात सर्रास दिसतात. सरावासाठीची 'इआइतो' मिश्रधातूची असते, तिला धारच नसते. चीनमध्ये बनलेल्या नकला इंटरनेटवर ढिगाने मिळतात. तिसरी सर्वांत फसवी: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अधिकाऱ्यांसाठी कारखानी पद्धतीने बनलेल्या तलवारी, म्हणजे 'शोवातो'. त्यातल्या बऱ्याच तेलात थंड केलेल्या असतात, पाण्यात नव्हे. पुष्कळांच्या मुठीतल्या भागावर छोटा शिक्का असतो. लष्करी वस्तू म्हणून त्यांना संग्राहक आहेत, पण जपानमध्ये त्यांची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय त्या बाळगताच येत नाहीत. एक बारकावा मात्र आहे. लष्करी मुठीत जुनं, घराण्यातलं अस्सल पातंही बसवलेलं असू शकतं. म्हणून बाहेरचा साज पाहून काहीच ठरवायचं नाही.

पहिले तीन महिने काहीही विकत घेऊ नका

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आणि सर्वांत जास्त मोडली जाणारीही. मीही मोडली. ऑनलाइन लिलावात ऐंशी हजार येनला एक वाकिझाशी दिसली, फोटो सुंदर होते, मी बोली लावली. हातात आल्यावर दिव्याखाली धारेला काटकोनात केसाएवढी चीर दिसली. तिला 'हागिरे' म्हणतात आणि ती असलेली तलवार संग्राहकाच्या लेखी संपलेली असते. फोटोत चीर दिसत नव्हती, आणि दिसली असती तरी मला ओळखता आली नसती.

तेव्हा आधी डोळा तयार करायचा. तोक्योत त्यासाठी सोय उत्तम आहे. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मुख्य इमारतीत तलवारींचं स्वतंत्र दालन आहे. र्योगोकूला सुमो आखाड्याच्या पलीकडे तलवार संग्रहालय आहे. ते चालवणारी, कलात्मक जपानी तलवारींच्या जतनाचं काम करणारी संस्था 'निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई' १९४८ साली स्थापन झाली, आणि हे नाव पुढे वारंवार येणार आहे. तिला आपण नुसतं 'क्योकाई' म्हणू. ओकायामा भागात कुणी असाल तर सेतोउचीचं बिझेन ओसाफुने संग्रहालय चुकवू नका. 'सानचोमो' ही राष्ट्रीय ठेवा असलेली तलवार विकत घेण्यासाठी त्या छोट्या शहराने लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि २०२० मध्ये ती घरी आणली.

संग्रहालयात काय करायचं? एका पात्यासमोर दहा मिनिटं उभं राहायचं आणि गुडघे वाकवत, सरळ होत डोळ्याची उंची बदलत राहायची. काचेतल्या दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर ज्या जागी पडतं, त्याच्या अगदी कडेला धारेची नक्षी जिवंत होते. सुरुवातीला नुसतं चकचकीत लोखंड दिसेल. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकदम दिसायला लागतं, आणि एकदा दिसलं की विसरता येत नाही.

काय पाहायचं: पाणी आणि पोत

आपल्याकडे लोहार 'हत्याराला पाणी देणं' म्हणतो. जपानी तलवारीचं सगळं सौंदर्य त्या पाणी देण्यात आहे. पाठीवर मातीचा लेप जाड, धारेकडे पातळ. तापलेलं पातं पाण्यात गेलं की धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. कडक आणि चिवट भागांच्या सीमेवर उमटते ती नक्षी म्हणजे 'हामोन'. पात्याचा बाकही बराचसा त्याच क्षणी येतो.

हामोन सरळ असेल तर 'सुगुहा', लाटांसारखा असेल तर 'नोतारे', लवंगेच्या कळ्यांसारखा असेल तर 'चोजी'. मिनो प्रांतातल्या कानेमोतोच्या तलवारींवर देवदाराच्या तीन-तीन शेंड्यांची रांग असते. सीमेवरचे कण जवळून पाहिले तर दोन प्रकारचे दिसतात: वेगवेगळे चमकणारे, चांदण्यांसारखे, त्यांना 'निए' म्हणतात, आणि धुक्यासारखे एकमेकांत मिसळलेले, ते 'निओई'. चिनी नकलेवर आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेला हामोन असतो. त्यात कण नसतात, आणि प्रकाश फिरवला तरी तो सगळीकडून सारखाच दिसतो. मूठ न काढताही बहुतेक नकला इथेच उघड्या पडतात.

एक धोका इथे सांगून ठेवतो. आजकालच्या पॉलिशमध्ये कारागीर बोटाखाली दगडाची पातळ चकती धरून हामोन पांढरा करतो. ते पांढरं ढगासारखं दिसणारं काम कारागिराचं असतं, लोहाराचं नव्हे. खरा हामोन त्याच्या आत, तिरक्या प्रकाशात वेगळा दिसतो. मी वर्षभर पांढऱ्या ढगालाच हामोन समजून लोकांना त्याची वर्णनं ऐकवत होतो.

हामोनच्या वर पाठीकडे पोलादाचा पोत दिसतो, तो 'हादा'. घड्या घालून ठोकल्यामुळे लाकडाच्या रेषांसारखा: फळीसारखा 'इतामे', गाठीसारखा 'मोकुमे', सरळ रेषांचा 'मासामे'. जुन्या जाणकारांचं लक्ष हामोनपेक्षा हादावर जास्त असतं. हामोन डोळ्यांत भरतो, पण पोलाद कसलं आहे ते हादा सांगतो.

लांब की आखूड

पात्याची लांबी टोकापासून पाठीच्या खाचेपर्यंत (पातं संपून मुठीतला भाग जिथे सुरू होतो तिथपर्यंत) सरळ रेषेत मोजतात. दोन शाकू, म्हणजे ६०.६ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल ती कताना (धार खाली करून कमरेला लटकवायची जुनी ती ताची). एक ते दोन शाकूंच्या मधली वाकिझाशी. एक शाकूपेक्षा आखूड तो तांतो. शाकू ३०.३ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास आपला फूटच.

सगळ्यांना पहिली तलवार कतानाच हवी असते. माझं मत ठाम आहे: पहिली वाकिझाशी घ्या. त्याला इतिहासातलं कारण आहे. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) दोन तलवारी कमरेला लावण्याचा मान सामुराईंचा, पण पैसेवाल्या व्यापाऱ्यांना आखूड तलवार चालत असे. ओसाकासारख्या व्यापारी शहरात त्यामुळे वाकिझाशींना हौशी गिऱ्हाईक मिळालं आणि चांगल्या चांगल्या लोहारांनी त्या मन लावून बनवल्या. आज मात्र बाजार कतानाच्या मागे धावतो. त्यामुळे त्याच लोहाराच्या हातची, तितक्याच तोडीची वाकिझाशी कतानाच्या काही अंशाच्या किमतीत मिळते. तेवढ्याच पैशांत कताना घ्यायला गेलात तर थकलेली (पॉलिशने झिजलेली), दोषी किंवा बिनकागदाची पदरात पडते.

किमतींचा अंदाज द्यायचा तर मला दुकानांतून दिसलेल्या आकड्यांवरून: क्योकाईचा परीक्षणाचा कागद असलेली, बरी पॉलिश असलेली वाकिझाशी साधारण दोन ते पाच लाख येन. तशीच कताना सहा लाखांच्या खाली शोधावी लागते आणि दहा-पंधरा लाखांपर्यंत सहज जाते. तांतो छोटा असला तरी स्वस्त नसतो, कारण तो आवडणारे लोक पुष्कळ आहेत.

कोणत्या काळातली

काळाचे पाच कप्पे लक्षात ठेवले तरी पुरे. १५९६ च्या आसपासपर्यंतची 'कोतो', म्हणजे जुनी. तिथून साधारण १७८० पर्यंतची 'शिंतो', अर्थ 'नवी तलवार'. शिंतो धर्माशी तिचा संबंध नाही. त्यानंतर १८७६ पर्यंत 'शिनशिंतो'. त्या वर्षी मेइजी सरकारने उघड तलवार लावायला बंदी केली आणि लोहारांचा धंदाच बसला. पुढची 'गेंदाईतो', आणि आजच्या लोहारांची 'शिनसाकुतो'.

कोतोचं आकर्षण मोठं, पण युद्धाच्या काळात ढिगाने बनलेल्या तलवारीही कोतोच. ओसाफुनेच्या 'सुकेसादा' नावाने शेकड्याने तलवारी निघाल्या. त्यातल्या खास मागणीवरच्या उत्कृष्ट आहेत आणि घाऊक असलेल्या साध्या. नाव एकच असतं. नवख्याला यातला फरक कळत नाही, म्हणून पहिल्या खरेदीसाठी मी शिंतोकडे वळायला सांगतो. एदो काळ शांततेचा होता, त्यामुळे या पात्यांनी लढाया कमी पाहिल्या आणि पॉलिशही कमी सोसलं. हिझेन प्रांतातल्या तादायोशी घराण्याच्या शाळेतल्या, म्हणजे त्या लोहारांच्या परंपरेतल्या, तलवारी पाहून घ्या: बारीक, तांदळाच्या कण्यांसारखा एकसारखा पोत आणि बहुधा सरळ हामोन. डोळा घडवायला याहून चांगला धडा नाही.

नव्या लोहाराची तलवार हाही उत्तम पर्याय आहे, मात्र तिला वाकिझाशीपेक्षा जास्त पैसे लागतात. परवानाधारक लोहाराकडे किमान पाच वर्षं उमेदवारी करून मगच परवाना मिळतो, आणि लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी बनवायची मुभा आहे. त्यामुळे नव्या तलवारीत खोट बहुधा नसते. शंका असेल तर बनवणाऱ्यालाच विचारता येतं, हे सुख जुन्या तलवारीत नाही.

दोन कागद आणि त्यांतला गोंधळ

आपल्या लोकांची हमखास गल्लत इथे होते. तलवारीबरोबर दोन वेगळे कागद असतात आणि दोघांचं काम वेगळं आहे.

पहिला 'तोरोकुशो', नोंदणीचं छोटं कार्ड. ते प्रांताचं शिक्षण मंडळ देतं. त्यावर तलवारीचा प्रकार, लांबी, बाक, मूठ धरून ठेवणाऱ्या खुंटीच्या भोकांची संख्या आणि कोरलेली सही लिहिलेली असते. हे कार्ड तलवारीला मिळालेलं असतं, माणसाला नाही. तलवार जिथे जाईल तिथे ते जातं. पण ते गुणवत्तेबद्दल काहीच सांगत नाही. सही खोटी असली तरी कार्डावर ती सही तशीच उतरवलेली असते! काही विक्रेते शोवा २६, म्हणजे १९५१ सालचं कार्ड असल्याचं मिरवतात, कारण तेव्हा जुन्या सरदार घराण्यांनी आपल्या तलवारी आधी नोंदवल्या होत्या. ऐकायला छान वाटतं, सिद्ध काहीच होत नाही. तुमचं काम एवढंच: दुकानात मोजपट्टी मागून लांबी मोजा, भोकं मोजा, सही जुळवा. कार्ड आणि पातं जुळत नसेल तर तिथेच थांबा, ते निस्तरायचं काम विक्रेत्याचं.

दुसरा कागद परीक्षणाचा. क्योकाईच्या पायऱ्या अशा: 'होझोन', 'तोकुबेत्सु होझोन', 'जुयो' आणि सर्वांत वर 'तोकुबेत्सु जुयो'. सही असलेल्या तलवारीला होझोन मिळालं म्हणजे परीक्षकांनी सही खरी मानली. सही नसेल तर ती कोणत्या लोहाराची किंवा कोणत्या शाळेची वाटते ते लिहिलेलं असतं. कागदावर मुठीतल्या भागाचा फोटो असतो. तो आणि समोरचा गंज, भोकं, रेघा जुळवून पाहा. कागद एका तलवारीचा आणि तलवार दुसरी, असंही घडतं.

पहिल्या तलवारीला किमान होझोन हवंच, इथे तडजोड नको. हिरव्या किंवा पांढऱ्या रंगाचे जुने कागद दाखवले जातात, ते १९८२ च्या आधीच्या पद्धतीचे. त्यातल्या काहींवर फारसा भरवसा ठेवता येत नाही, म्हणून जाणकार ते पुन्हा परीक्षणाला पाठवायला सांगतात. विक्रेत्याला विचारा, "तुम्हीच नव्याने होझोन करून द्याल का? नाही मिळालं तर पैसे परत?" उत्तर देताना तो किती चाचरतो त्यावरून बरंच समजतं.

आणि कागदात न लिहिलेली गोष्ट: कागद मिळाल्यानंतर कुणी पातं आपटलं असेल, गंजू दिलं असेल, तर त्याला ते कसं कळणार?

पातं हातात घेताना

परवानगी विचारा. अंगठी, घड्याळ काढा. तलवार घेताना किंचित झुकून नमस्कार करतात. तो पात्याला असतो, मालकाला नव्हे. धार वर ठेवून म्यानातून काढायची, आधी अंगठ्याने तोंड थोडं सैल करायचं, मग पाठीवरून सरळ ओढायचं. म्यानाच्या आतल्या लाकडावर धार घासली तर दोघांचंही नुकसान. पात्याला बोट लावायचं नाही. बोलायचंही नाही, थुंकीचा एक थेंब आठवड्यात गंजाचा ठिपका होतो.

मग दिव्याकडे तोंड करून टोकापासून सुरुवात करा. टोकाच्या भागातही हामोन वळून पाठीकडे परतलेला दिसला पाहिजे, त्याला 'बोशी' म्हणतात. टोक कधी तुटलं आणि नव्याने घासून काढलं असेल तर बोशी धारेच्या बाहेर निघून जाते. बोशी नसणं हा जीवघेणा दोष आहे.

तिथून धारेवरून सावकाश खाली या. हागिरे शोधताना तलवार डोळ्यासमोर आडवी धरून, दिव्याच्या प्रतिबिंबाची रेष धारेवरून सरकवत न्यायची. चीर असेल तर ती रेष तिथे तुटते. नखाने चाचपू नका. हामोन मध्येच विझलेला दिसतोय का? 'निओईगिरी', म्हणजे तिथलं पाणी गेलंय.

त्याहून ओळखायला कठीण दोष म्हणजे पुन्हा पाणी दिलेली तलवार, 'साइहा'. आगीत सापडलेल्या पात्याचा ताव जातो, मग कुणीतरी ते पुन्हा तापवून पाण्यात घालतं. मुठीजवळ, धारेच्या खाचेपासून पात्यात तिरकी चढत जाणारी पांढुरकी सावली ही तिची एक खूण. (होरिकावा कुनिहिरोच्या खऱ्या तलवारींवरही अशी सावली येते, म्हणून हे एकट्या खुणेवर ठरवायचं नसतं.) अशा पात्यांना सहसा होझोन मिळत नाही, म्हणूनही कागदाचा आग्रह.

बाकीचे दोष खपून जाण्यासारखे आहेत. पोलादाच्या थरांतली बारीक उघडी फट, फुगलेला छोटा फोड, पाठीकडचा छोटा जोड, यांनी किंमत कमी होते, तलवार मरत नाही. पाठीवर दुसऱ्या तलवारीचा वार बसलेली खाच तर अभिमानाने दाखवतात.

शेवटी थकवा पाहा. प्रत्येक पॉलिशमध्ये पोलाद झिजतं. मुठीतला भाग मात्र कधी पॉलिश होत नाही. म्हणून पात्याची जाडी आणि मुठीतल्या भागाची जाडी शेजारी शेजारी पाहा. मुठीतला भाग पात्यापेक्षा ठळक जाड असेल तर पातं खूप झिजलंय. तळाच्या दोन्ही खाचा जवळपास सपाट झाल्या असतील तर तेच.

मुठीच्या आत

मूठ बांबूच्या एका छोट्या खुंटीवर धरलेली असते. खुंटी काढून, मुठीवरच्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलका ठोसा मारला की पातं सैल होतं. हे विक्रेत्यालाच करायला सांगा.

आतल्या भागाला 'नाकागो' म्हणतात. त्यावर लोहाराने ओढलेल्या कानशीच्या रेघा असतात, प्रत्येक घराण्याची दिशा ठरलेली. गंज खोल, काळसर-तपकिरी, घट्ट हवा. केशरी, भुरभुरीत गंज म्हणजे नवा किंवा मुद्दाम आणलेला. एका बाजूला सही, कधी दुसऱ्या बाजूला तारीख असते. तारखांत दुसरा आणि आठवा महिना इतक्या वेळा येतो की तो खऱ्या तारखेपेक्षा रिवाजच जास्त वाटतो.

लांब ताची पुढच्या काळात कमरेला कताना म्हणून लावण्यासाठी खालून कापून आखूड केल्या. त्यात सही अर्धी किंवा पूर्ण गेली. सही नसणं हा दोष नव्हे, हे समजायला मला वेळ लागला. उलट मोठ्या नावाची सही असेल तर सावध व्हा. जपानमध्ये एक म्हण आहे: कोतेत्सु दिसली की खोटी समजावी. नागासोने कोतेत्सु हा सतराव्या शतकातला एदोचा (आजच्या तोक्योचा) लोहार, आधी चिलखतं बनवायचा. त्याच्या तलवारींना इतकी मागणी आली की त्याच्या हयातीतच खोट्या सह्या निघू लागल्या. मुमेई, म्हणजे बिनसहीची, पण पोलाद स्वच्छ असलेली वाकिझाशी आणि 'मासामुने' हे सर्वांत नामांकित लोहाराचं नाव कोरलेली कताना समोरासमोर आली, तर पहिली उचला.

पॉलिशचा सापळा

दुकानात एका कोपऱ्यात काळवंडलेली, डागाळलेली तलवार निम्म्या किमतीत ठेवलेली दिसेल. मनात येतं, घेऊ, मग पॉलिश करून घेऊ. करू नका.

पॉलिश करणारा कारागीर 'तोगिशी'. आपल्याकडच्या शिकलगाराचाच भाऊबंद म्हणा, पण हा धारेपेक्षा हामोन आणि हादा दिसता करण्यासाठी काम करतो. एकामागून एक दहाहून जास्त प्रकारचे दगड वापरतो आणि तयार व्हायला जवळपास दहा वर्षं लागतात. चांगल्या तोगिशीकडे कतानाचा खर्च काही लाख येनांत जातो आणि महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. शिवाय गंजाखाली काय निघेल, ते कुणालाच आधी माहीत नसतं. पहिली तलवार पॉलिश झालेलीच घ्या, म्हणजे जे आहे ते दिसतं. हौशी माणसाने सॅण्डपेपर किंवा पॉलिशिंग व्हील लावलेली तलवार मात्र कुठल्याही किमतीत नको. तिच्या कडा गोल झालेल्या असतात.

कुठून घ्यायची

दुकान असलेला विक्रेता, ज्याच्याकडे परत जाता येईल. तोक्योत दरवर्षी शरद ऋतूत शिंबाशीच्या तोक्यो बिजुत्सु क्लबमध्ये 'दाई तोकेन इची' हा मोठा तलवार बाजार भरतो, देशभरातले विक्रेते येतात. पहिल्या वर्षी नुसतं पाहायला जा. दोनशे तलवारी एका दिवसात पाहिल्यावर किमतीचं गणित आपोआप उलगडतं.

विक्रेत्याला विचारायचं: हागिरे आहे का, साइहा आहे का, जोड किंवा भर घातलेली आहे का, आणि कागद आहे तो कोणत्या वर्षाचा. उत्तरं पावतीवर लिहून मागा. चांगला विक्रेता न विचारताच दोष दाखवतो. माझ्या दुसऱ्या तलवारीच्या वेळी विक्रेत्याने स्वतःच पाठीवरचा छोटा जोड दाखवला आणि त्यासाठी किंमत उतरवली. तिथेच मी पैसे मोजले.

लिलावाच्या संकेतस्थळांपासून पहिली दोन वर्षं लांब राहा. आणि साज, म्हणजे मूठ, 'त्सुबा' (मुठीपुढची हाताचं रक्षण करणारी चकती), लाखेचं म्यान, सुंदर असेल तरी आधी पातं. बऱ्याच तलवारी साध्या पांढऱ्या लाकडाच्या म्यानात, 'शिरासाया'मध्ये मिळतात. ते लाकूड मॅग्नोलियाचं असतं. तलवार ठेवायला तेच योग्य, साज वेगळा ठेवायचा.

कायदा

जपानमध्ये नोंदणीकृत तलवार घ्यायला वेगळा परवाना लागत नाही, परदेशी नागरिकालाही नाही. पण मालक बदलल्याची खबर कार्ड देणाऱ्या प्रांताच्या शिक्षण मंडळाला वीस दिवसांत द्यायची असते. कार्डावर ज्या प्रांताचं नाव आहे, तिथे. तुम्ही राहता तिथे नाही. बरेच विक्रेते फॉर्म भरून देतात, तुम्ही फक्त टपालात टाकायचं.

देशाबाहेर नेताना कार्ड परत करावं लागतं आणि सांस्कृतिक व्यवहार संस्थेकडून निर्यातीचा दाखला घ्यावा लागतो. त्याला काही आठवडे लागतात. विक्रेते हे काम करून देतात. राष्ट्रीय ठेवा आणि महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता ठरलेल्या तलवारी बाहेर जात नाहीत, पण पहिल्या खरेदीला तो प्रश्न येणार नाही!

ब्रिटनमध्ये ५० सेंटिमीटरहून लांब वक्र पात्याच्या तलवारींवर निर्बंध आहेत. १९५४ च्या आधीच्या किंवा पारंपरिक पद्धतीने बनलेल्यांना त्यात सवलत आहे. म्हणून लंडनकडच्या मंडळींना परीक्षणाचा कागद दुहेरी कामाचा.

आता भारत. आपल्याकडे तलवार १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येते. २०१६ च्या शस्त्र नियमांत पाचव्या वर्गात तलवारीचं नाव आहे, आणि शस्त्र आयात करायला कलम १० प्रमाणे परवाना लागतो. घरात देवघराशेजारी पिढ्यान्‌पिढ्या तलवार असलेल्या आपल्या लोकांना हे पटकन पटत नाही, पण बॅगेत घालून मुंबई विमानतळावर उतरलात तर सीमाशुल्क अधिकाऱ्याला 'शोभेची आहे' सांगून सुटका होणार नाही. न्यायचीच असेल तर विकत घेण्याच्या आधी वकील आणि आपल्या जिल्ह्याचा परवाना विभाग, हाच क्रम. माझ्या तलवारी तोक्योतच आहेत.

घरी आणल्यावर

पातळ तेलाचा हात, अगदी दिसेल न दिसेल इतका. तीन-चार महिन्यांनी मऊ कापडाने जुनं तेल पुसायचं, पाठीकडून धरून मुठीकडून टोकाकडे, उलट कधीच नाही. मग पातं दिव्याखाली पाहायचं आणि नवं तेल लावायचं. पॉलिश नवं असेल तर पहिले काही महिने हे जरा लवकर लवकर करा. दगडाच्या भुकटीची ती प्रसिद्ध पुरचुंडी, 'उचिको', संचात येते. मी ती वापरत नाही, कारण स्वस्त भुकटीने पॉलिशवर ओरखडे येतात. स्वच्छ मायक्रोफायबर आणि शुद्ध अल्कोहोल पुरेसं होतं. तलवार आडवी ठेवायची, धार वर. तोक्योचा जूनमधला पाऊस कोकणाइतकाच दमट असतो, म्हणून कपाटात ओलावा शोषणारी पाकिटं.

खंडेनवमीला मी शिरासायावर झेंडूचं एक फूल ठेवतो. हळदकुंकू म्यानालाही नको, लाकूड पांढरं असतं आणि डाग जात नाही. चिंच-राख घरात आहे, पण तांब्याच्या लोट्यासाठी.